नोंद नसलेली

बत्तीस वर्षं मेडिकलच्या हाडांच्या खोलीची किल्ली
माझ्या करदोट्याला होती.
पोरं हाडमामा म्हणायची.
फीमर, टिबिया, फिब्युला.
इंग्रजी वाचता येत नव्हतं,
पण पोत्यात हात घालून, न बघता,
डावं की उजवं ते सांगून टाकायचो.

हरवायची ती वाटीच.
पेढ्याएवढी. ॲप्रनच्या खिशातून सुटायची,
कँटीनच्या बाकाखाली, होस्टेलच्या गादीत.
मी पाच रुपये दंड लिहायचो, नंतर नंतर पंधरा.
ब्याण्णव सालची एक डावी वाटी
अजून जमा व्हायची आहे.

आता त्याच मेडिकलची ओपीडी,
नंबर एकशे सात, मे महिना,
भिंतीला पाठ टेकवत नाही इतकी तापलेली.
काकडे मॅडम नवी आहे, मला ओळखत नाही.
एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणाली, इथं बघा बाबा.
बघितलं.
आपलीच हाडं असली तरी ओळखू आली.
टिबियाच्या काठाला बाभळीसारखे काटे फुटलेले,
आणि आतल्या अंगाला, जिथं फट दिसायला पाहिजे,
तिथं हाडावर हाड.

म्हणाली, मधली गादी झिजली.
कूर्चा म्हणतात तिला. पांढरी, गुळगुळीत, ओली.
तिला नस नाही, तिला रक्त नाही,
म्हणून झिजताना ती ओरडत नाही.
ओरडतं ते खालचं हाड,
उघडं पडल्यावर.

मी मान हलवली.
बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो.
बसताना गुडघा वाजला,
वाळलेली चिंचेची शेंग पायाखाली यावी तसा.

तिला मी ओळखत होतो.
ड्रममध्ये सोडा टाकून हाडं उकळायची,
मग बोथट सुरीनं टोकांवरचं ते पांढरं
शहाळ्याच्या मलईसारखं खरवडायचं.
नालीत.
गच्चीवर आठ दिवस ऊन दिलं
की हाडं कशी लख्ख!
रजिस्टरात प्रत्येक हाडाला नंबर होता.
नालीत गेलं त्याला नव्हता.
आणि मी समजत होतो,
पोरांच्या हातात आपण गुडघा देतो आहोत.
ती दोन हाडं होती फक्त,
एकमेकांना न ओळखणारी.

उंटखान्यात आमचं घर वरच्या मजल्यावर.
पंचफुला जिना आडवी उतरते,
एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर.
चढताना इतकं नाही म्हणते, उतरतानाच जीव जाते.
विहारात वंदनेला सगळे मांडी घालून,
आम्हा दोघांना मागे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या.
पहिले दोन रविवार मी उभाच राहिलो.
तिसऱ्या रविवारी बसलो.

मॅडमनं कागदावर चित्र काढून दिलं आहे.
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली,
दाबा, दहा मोजा, सोडा.
चार किलो वजन उतरवा. पालथी मांडी नको, उकिडवं नको.
गेलेली गादी येत नाही, बाबा,
पण मांडीत जोर येतो,
आणि मांडी उचलते थोडं ओझं.

म्हणून पहाटे, कूलर बंद करून,
एका सतरंजीवर आम्ही दोघं,
चार गुडघे, दोन टॉवेल,
तर्री-पोह्याचा वास खालून येतो आहे
आणि मॅडमनं तर्री बंद केली आहे.
पंचफुला आठवरच सोडून देते.
मी म्हणतो दहा. ती म्हणते तुमचे आकडे लांब असतात.

आज सहज डोळे मिटून
तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.
वाटी तळव्याखाली जराशी सरकली.
गरम होती.
कुठल्याच हाडाची अशी सवय नव्हती हाताला.
डावी, मी म्हणालो.

ती म्हणाली, काहून मोजणं थांबवलं?
सात झाले होते.